ख्रिस्तपुराणाच्या ओव्या नाताळात म्हणायच्या तर काय काय करावं लागतं

२४ डिसेंबर २०२४ ला रात्री आठ वाजता, नाताळची मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) सुरू होण्याआधी, वसईतल्या आमच्या चर्चच्या अंगणात आम्ही ख्रिस्तपुराण या चारशे वर्षांपूर्वीच्या मराठी ग्रंथातल्या येशूजन्माच्या ओव्या म्हटल्या. कार्यक्रम वीस मिनिटांचा, पण त्याची खटपट जूनपासून चालली होती. मजकूर कुठून मिळवायचा, तो वाचायचा कसा, चाल कोणती लावायची, परवानगी कोणाकोणाची घ्यायची, लाउडस्पीकरचा अर्ज कधी टाकायचा, यातलं काहीच मला एका ठिकाणी लिहिलेलं मिळालं नव्हतं. तारखा आणि आकडे डोक्यात ताजे आहेत तोवर इथे मांडते. गोव्यात, मुंबईत, नगरला, कुठेही कोणाला हे करावंसं वाटलं तर त्यांचे हेलपाटे वाचतील.

नाताळची जुनी गाणी मला लहानपणापासून फार प्रिय. डिसेंबर लागला की आमच्याकडे गिटारी निघतात, 'सायलेंट नाइट'चं मराठी रूप निघतं, आणि तेही मी मन लावून गाते. पण माझी आजी ओटीवर तांदूळ निवडताना येशूजन्माची जी पदं म्हणायची ती कुठल्या पुस्तकात नव्हती. आजी गेली आणि तिच्याबरोबर ती पदंही गेली. आम्हा नातवंडांपैकी कोणालाच दोन ओळींपुढे येत नाही. तेव्हापासून जुनं काही कानावर आलं की मी ते उतरवून घेते: लग्नातली गाणी, उपवासकाळातली रडगाणी, म्हाताऱ्या बायकांच्या तोंडची प्रार्थना. त्या वाटेवरच ख्रिस्तपुराण भेटलं. शाळेत त्यातली मराठीची स्तुती करणारी एक ओवी आपण सगळ्यांनीच वाचलेली असते. त्या ग्रंथात आख्खा नाताळ आहे, गोठा, मेंढपाळ, देवदूत, तीन राजे सगळे आहेत, आणि ते सगळं गाण्यासाठी रचलेलं आहे, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ख्रिस्तपुराण लिहिलं फादर थॉमस स्टीफन्स यांनी. ते इंग्लंडमधले जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू. १५७९ च्या ऑक्टोबरात ते गोव्याला उतरले आणि १६१९ साली वारले तोवर बहुतेक काळ साष्टीत राहिले (गोव्यातली साष्टी, आपल्या मुंबईकडची नव्हे). इथल्या नवख्रिस्ती लोकांना पुराण ऐकायची सवय होती, म्हणून त्यांनी बायबलची कथा पुराणासारखी ओवीबद्ध केली. जवळजवळ ११,००० ओव्या. ग्रंथाचे दोन भाग आहेत: पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचं चरित्र. १६१६ साली तो गोव्यातच राचोलला रोमी, म्हणजे ए-बी-सीच्या, लिपीत छापला, कारण देवनागरीचे छपाईचे खिळे तिथे नव्हते. पुढे १६४९ आणि १६५४ ला पुन्हा छपाई झाली. त्या तिन्ही छपायांची एकही प्रत आज हाती नाही. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने गोव्यातल्या लोकांनी आपली भाषा तीन वर्षांत सोडावी असा हुकूम काढला, तरीही माणसांनी हाताने पोथ्या उतरवल्या आणि ग्रंथ जगवला. 'सायलेंट नाइट' पहिल्यांदा गायलं गेलं १८१८ साली, ऑस्ट्रियात. आपल्या मराठी ओव्या त्याच्याहून दोनशे वर्षांनी जुन्या आहेत. मला हे समजलं त्या दिवसापासून एकच ध्यास होता, की या ओव्या पुस्तकातून निघून पुन्हा माणसांच्या तोंडी यायला हव्यात, आणि त्याही नाताळच्या रात्री.

जूनमध्ये मजकुराला लागले. तीन-चार आवृत्त्या समोर होत्या. मंगळूरहून १९०७ साली जोसेफ सालढाणांनी हस्तलिखितांवरून छापलेली रोमी आवृत्ती. १९५६ ची शांताराम बंडेलूंची देवनागरी. १९९६ ची कारिदाद द्रागोंची. आणि २००९ ची फादर नेल्सन फलकाव यांची, जिच्यात ओव्यांसोबत आजच्या मराठीत गद्य अर्थ आहे. १९०७ च्या पुस्तकाचं स्कॅन इंटरनेटवर फुकट मिळतं. बंडेलूंची प्रत मला ठाण्याच्या एका जुन्या ग्रंथालयात बसून वाचायला मिळाली, घरी नेता आली नाही. नवीन आवृत्ती एका नातेवाइकांच्या कपाटात होती.

कोणती वापरायची हा प्रश्न फक्त सोयीचा नव्हता. आमच्या गावातल्या एका वकीलताईंना विचारलं. त्यांनी समजावलं की आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे स्टीफन्सच्या ओव्या सर्वांच्या आहेत. पण आजच्या संपादकाने लिहिलेला अर्थ, टिपा, प्रस्तावना त्याच्या मालकीच्या आहेत. त्या उचलून पत्रकात छापायच्या तर लेखी परवानगी हवी. धर्मविधीत गाण्यासाठी कॉपीराइटच्या कायद्यात सूट आहे, ती गाण्यापुरती. छापायला ती सूट लागू नाही. म्हणून मी ठरवलं की मजकूर १९०७ च्या पुस्तकावरून स्वतः देवनागरीत आणायचा आणि अर्थही स्वतः लिहायचा. नवीन आवृत्त्या अडलं तर विचारायला जवळ ठेवायच्या.

जुलै त्यातच गेला. बाहेर धो धो पाऊस, आणि ऑफिसातून आल्यावर मी रोज रात्री जेवणं आटपली की लॅपटॉप घेऊन बसायचे. स्टीफन्सची रोमी लिपी पोर्तुगीज वळणाची आहे. एकदा तिची खोड कळली की हात बसतो. 'ण' साठी एन दोनदा, 'ळ' साठी एल दोनदा, 'ठ' साठी टी दोनदा आणि एच. 'व' साठी बऱ्याचदा यू. 'क' कधी सी ने लिहिलेला, कधी क्यू-यू ने, म्हणजे 'केले' हा शब्द क्यू पासून सुरू होतो. ऱ्हस्व-दीर्घ मात्र दाखवलेलंच नाही. 'देवाचि' की 'देवाची' हे संदर्भाने ठरवावं लागतं. मी सुरुवातीला प्रत्येक वेलांटीपाशी थांबायचे. मग मोठ्याने वाचायला लागले, आणि मोठ्याने वाचलं की बहुतेक शब्द आपोआप सुटत. कान ओळखतो, डोळा अडतो. हे काम करणाऱ्याला माझा पहिला सल्ला हाच: ओवी आधी तोंडाने म्हणा, मग टाइप करा. ज्यांना कोकणी येते त्यांना आणखी सोपं जाईल, कारण स्टीफन्सनी स्वतःच प्रस्तावनेत सांगितलंय की शुद्ध मराठी मध्यम लोकांना कळत नाही, म्हणून मागच्या कवीश्वरांचे अवघड शब्द सोडून सोपे कोकणी शब्द जागोजाग मिसळले. चारशे वर्षांपूर्वीचा ग्रंथकार आपल्या श्रोत्याची एवढी काळजी करतो हे वाचून मी त्या रात्री पुढे टाइप केलंच नाही. तीच पानं पुन्हा वाचत बसले.

त्याच महिन्यात, २५ जुलैला, फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. आमच्या वसईच्या माणसांसाठी मराठी आणि चर्च या दोन गोष्टी एकत्र धरून ठेवणारा आधार गेला. त्यांचं 'सुबोध बायबल' माझ्या टेबलावर होतंच. ओवीचा अर्थ लागला नाही की मी त्यात लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय उघडायचे. ते असते तर वही घेऊन त्यांच्याकडेच गेले असते. पुढे दोन आठवडे काम सुचलं नाही.

निवड करताना मन कठीण करावं लागलं. जन्माचा प्रसंग, मेंढपाळ, देवदूतांचं गाणं आणि राजे एवढंच घेतलं तरी ओव्या शेकड्यांनी होतात. एक ओवी सावकाश म्हटली की वीस-पंचवीस सेकंद जातात. लोक थंडीत मिस्सेची वाट बघत बसलेले असतात, लेकरं पेंगत असतात. वीस मिनिटांच्या वर जायचं नाही असं ठरवलं. म्हणजे पन्नासच्या आत. राजांच्या ओव्या सगळ्या बाजूला ठेवल्या. सुरुवातीला ग्रंथाचं नमन घेतलं:

वो नमो विश्वभरिता
देवा बापा सर्व समर्था
परमेश्वरा सत्यवंता
स्वर्ग पृथ्वीच्या रचणारा

हे नमन म्हणताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. पहिले तीन चरण यमकाने एकमेकांना धरून, चौथा सुटा. ज्ञानेश्वरीचीच ओवी. पुढे चालीचं कोडं सुटलं ते यातूनच.

काही शब्द दोन आवृत्त्यांत वेगवेगळे होते. ते एखाद्या हस्तलिखितात बघावेत म्हणून गोव्यातल्या एका ग्रंथालयाला जुलैतच पत्र लिहिलं. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तिथे काय लागतं ते सांगते: पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, लेटरहेडवर फादरांचं पत्र, ओळखपत्राची झेरॉक्स, आणि अर्जात नेमकी कुठली पानं बघायची आहेत ते. 'ख्रिस्तपुराण बघायचं आहे' एवढंच लिहिलं तर पुन्हा विचारणा येते. दुसऱ्या पुराणातला (म्हणजे ग्रंथाच्या दुसऱ्या भागातला) अमुक अवस्वर, म्हणजे अध्याय, अमुक ओव्या, असं लिहिलं की काम चटकन होतं. वसई रोडहून मडगावची गाडी मिळते, स्लीपरचं तिकीट तेव्हा चारशेच्या आसपास होतं. १५ ऑगस्टला सगळं बंद, म्हणून १६ ला सकाळी तिथे हजर झाले. पेन चालत नाही, पेन्सिल न्या. फोटोची परवानगी वेगळी मागावी लागते, ती मी मागितली नाही. वहीत उतरवून घेतलं. पोथीची पानं तपकिरी पडलेली, शाई काही ठिकाणी कागद खाऊन गेलेली, पण अक्षर इतकं निगुतीचं की लिहिणाऱ्याला घाई नव्हती हे कळतं. मला हवे होते ते शब्द तासाभरात मिळाले. उरलेला दिवस मी त्या पानांसमोरच काढला. दुसऱ्या दिवशी राचोलला गेले, तिथल्या सेमिनरीच्या (धर्मगुरूंच्या शिक्षणसंस्थेच्या) पायऱ्यांवर छत्री घेऊन उभी राहिले. जिथे हे छापलं गेलं ती जागा एकदा बघायची होती.

मजकूर झाला, आता चाल. पोथीत शब्द असतात, स्वर नसतात. आमच्या गायनमंडळातल्या पोरांनी दोन-तीन चाली करून दाखवल्या, गिटारवर, छान होत्या. पण ओवी ठेक्यात बांधली की शब्द ओढले जातात, कुठे कोंबले जातात, आणि अर्थ निसटतो. शेवटी वाट दाखवली शेजारच्या आळीतल्या बुवांनी. श्रावणात त्यांच्याकडे ज्ञानेश्वरीचं पारायण बसतं. ऑगस्टच्या शेवटी मी आणि आमच्या मंडळातल्या रोझी मावशी तिथे जाऊन मागच्या बाजूला बसलो. तीन-चार दिवस रोज. मग बुवांना ओव्या दाखवल्या. त्यांनी चष्मा लावला, नमन एकदा मनात वाचलं आणि सरळ म्हणायलाच लागले. मला काही सांगावं लागलं नाही. मावशींच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तीन चरण चढत जायचं, चौथ्याला घरी यायचं," बुवा म्हणाले. "आणि बाई, तबला नको. ओवीला शब्दाचाच ताल असतो."

त्यांची म्हणण्याची पद्धत अगदी साधी आहे. पहिला चरण सा-रे-ग मध्ये, दुसरा तसाच, तिसरा मध्यम-पंचमापर्यंत वर, चौथा उतरत षड्जावर. पाच स्वरांच्या बाहेर जात नाही, त्यामुळे आवाज नसलेल्यालाही म्हणता येते. बायका-पुरुष एकत्र म्हणणार म्हणून आम्ही पट्टी पांढरी दोन ठेवली. बायकांना फार वर जात नाही आणि पुरुषांना फार खाली नाही. साथीला फक्त पेटी, तीही सूर धरण्यापुरती. आमची पेटी दोन सूर सोडून बसली होती, दुरुस्तीला पंधराशे रुपये गेले.

सप्टेंबरमध्ये गणपती झाल्यावर पॅरिश कौन्सिलपुढे विषय ठेवला. मला या बैठकीची धाकधूक होती. लोकांना समजणार नाही, नाताळ आनंदाचा सण आहे त्यात कंटाळवाणं काही नको, मुलं निघून जातील, असं सगळं तिथे बोललं गेलं. एका काकांनी विचारलं की यात वैकुंठ वगैरे शब्द आहेत ते चालतील का. प्रश्न रास्त होते, कोणाचा विरोधासाठी विरोध नव्हता. मी स्टीफन्सच्या प्रस्तावनेचा तो भाग वाचून दाखवला, आणि मग रोझी मावशींनी आणि मी उभं राहून नमन म्हटलं. वाद घालण्यापेक्षा म्हणून दाखवणं बरं; हे माझं अनुभवातून झालेलं पक्कं मत आहे. फादर म्हणाले, मला मान्य आहे, पण मजकूर धर्मप्रांताच्या उपासना समितीकडे पाठवू. पाठवताना आम्ही चार गोष्टी जोडल्या: ओव्यांचा पूर्ण मजकूर, प्रत्येक ओवीचा आजच्या मराठीत अर्थ, मूळ ग्रंथातले क्रमांक, आणि ते मिस्सेच्या आधी म्हणणार आहोत असं स्पष्ट लिहिलेलं पत्र. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा. मिस्सेच्या विधीत काय गायचं याचे नियम काटेकोर असतात. आधीच्या भजन-कॅरलच्या वेळेत मोकळीक असते.

वाट बघण्याचे ते दिवस लांबले, पण रिकामे गेले नाहीत. ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्याची बातमी आली आणि त्या रविवारी फादरांनी प्रवचनात आपणहून ख्रिस्तपुराणाचा उल्लेख केला. मिस्सेनंतर लोक येऊन विचारायला लागले की हे पुस्तक मिळतं कुठे. महिन्याच्या मध्यावर समितीचं उत्तर आलं: मिस्सेआधी म्हणण्यास हरकत नाही, अर्थाचं पत्रक लोकांच्या हाती द्यावं. त्यांनी माझ्या अर्थात दोन ठिकाणी सुधारणाही सुचवली होती, आणि दोन्ही योग्य होत्या.

दिवाळीनंतर सराव सुरू केला. आठवड्यातून दोनदा, रात्री साडेआठला, शाळेच्या वर्गात. पहिल्या दिवशी आम्ही पाच-सहा जण, सगळे चाळिशीच्या पुढचे. तरुण पोरं दारातून डोकावून निघून जायची. मी कोणाला ओढून आणलं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस एक अकरावीतली मुलगी येऊन बसली, तिसऱ्या दिवशी तिने न बघता दहा ओव्या म्हटल्या. तिच्यामागून तिच्या मैत्रिणी आल्या. आगमनकाळाच्या (नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांच्या) पहिल्या रविवारी, १ डिसेंबरला, आम्ही वीसच्या वर होतो.

सरावात जे उपयोगी पडलं ते सांगते. पाठांतर चार-चार ओव्यांच्या गठ्ठ्याने करावं. कागद मोठ्या अक्षरात छापावा, प्रत्येक चरण स्वतंत्र ओळीत. जोडाक्षर अडखळवतं तिथे सगळ्यांनी एकदा नुसतं बोलून घ्यावं. आणि सगळ्यात मोठी युक्ती ही की तीन चरण मंडळाने म्हणायचे, चौथा सगळ्या लोकांनी. तो लहान असतो, सूर खाली येतो, कोणीही धरू शकतं. त्यामुळे समोर बसलेला माणूस श्रोता राहत नाही.

आता लाउडस्पीकर. आमचं अंगण उघडं, त्यामुळे पोलिसांची लेखी परवानगी लागतेच. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. आम्ही सवलतीवर विसंबलोच नाही. ओव्या आठला, मिस्सा साडेआठला, म्हणजे दहाच्या आत सगळं आटोपतं. नियमाने निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. म्हणून साउंडवाल्याला आधीच सांगितलं की चार छोटे स्पीकर आतल्या बाजूला तोंड करून लाव, दोन मोठे नकोत. ओवीला ते शोभतही नाहीत.

अर्जाला लागलेली कागदपत्रं: चर्चचं पत्र, अर्जदाराचं आधार, साउंडवाल्याचं नाव-नंबर, अंगणाचा साधा हाताने काढलेला नकाशा, वेळ. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं, त्यामुळे त्याआधी कोणी नाताळचा अर्ज हातात घेईल अशी अपेक्षा करण्यात अर्थ नव्हता. तरी मी अर्ज आधीच देऊन आवक शिक्का मारलेली पोच घेतली, आणि पुढच्या प्रत्येक खेपेला ती पोच दाखवली. हे कधीही चुकवू नका. पोच असली की फाइल शोधली जाते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात परवानगी हातात आली. तिच्या तीन झेरॉक्स काढल्या: एक फादरांकडे, एक साउंडवाल्याकडे, एक माझ्या पर्समध्ये.

खर्चाचं म्हणाल तर अर्थाची पत्रकं तीनशे, आठ पानी, बारा रुपयांना एक, म्हणजे ३,६०० रुपये. साउंडचे ३,५०० (मिस्सेसाठी तो येणारच होता, म्हणून कमी घेतले). पेटीचे १,५००. गोव्याचा प्रवास आणि राहणं माझं मी केलं, तीन हजारांच्या आसपास. पत्रकांचा खर्च एका कुटुंबाने आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ उचलला. नाव छापू नका म्हणाले.

२४ तारखेला साडेसातपासून लोक यायला लागले. बायका लुगड्यांत, नव्या साड्यांत, पोरं नव्या बुटांत. गोठ्याचा देखावा अंगणाच्या डावीकडे होता, आम्ही त्याच्या बाजूला सतरंजीवर बसलो. उभं राहून म्हणण्यापेक्षा बसून म्हणायचं हे आम्ही आधीच ठरवलं होतं. पुराण बसून सांगायचं असतं. माझे हात गार पडले होते. पेटीने षड्ज धरला, रोझी मावशींनी नमन उचललं, आणि पहिल्या दहा ओव्यांत समोरून फक्त पत्रकं चाळल्याचा आवाज येत होता. चौथ्या चरणाला कुजबुजल्यासारखे काही आवाज. मेंढपाळांच्या ओव्या लागल्या तेव्हा मागच्या खुर्च्यांवरून एक जाड पुरुषी आवाज चौथा चरण धरून आला. वळून बघता आलं नाही. पुढच्या ओवीला त्याच्या आजूबाजूचे आले. देवदूतांच्या गाण्यापर्यंत सगळं अंगण षड्जावर येत होतं, आमच्या चार स्पीकरची गरज उरली नव्हती. तो आवाज बुवांचा होता हे मला नंतर कळलं. ते घरच्या सगळ्यांना घेऊन आले होते.

मिस्सेनंतर केक आणि चहाच्या वेळी लोक बोलायला आले. सगळे खूश होते असं नाही. एक-दोघांनी सांगितलं की आम्हाला अर्धंच समजलं, आणखी सोपं करा. ते मी लिहून घेतलं आहे. पण आपल्या आजीकडून ऐकलेल्या ओळी सांगायलाही तीन-चार जणी आल्या. त्यातल्या एका ऐंशीच्या पुढच्या बाईंनी येशूजन्माचं एक पूर्ण पद म्हटलं. मी फोनवर रेकॉर्ड केलं, त्यांना विचारून. आता त्यांच्याकडे वही घेऊन जाते आहे.

ज्यांना यंदा करायचं आहे त्यांनी ईस्टरनंतर लगेच मजकुराला लागावं, पावसाळ्यात चाल बसवावी, आणि चर्चची लेखी परवानगी ऑक्टोबरच्या आत घ्यावी. नोव्हेंबरनंतर सगळी कार्यालयं नाताळ-नवीन वर्षाच्या बंदोबस्तात अडकतात. ओव्या निवडताना नमन ठेवाच. आमच्या निवडीचा देवनागरी मजकूर आणि मी लिहिलेला अर्थ कोणालाही फुकट वापरता येईल, फक्त ग्रंथातले ओवी क्रमांक काढून टाकू नका, म्हणजे पुढच्या माणसाला मूळ पान सापडेल. बाजूला ठेवलेल्या तीन राजांच्या ओव्या आम्ही पुढे जानेवारीतल्या राजांच्या सणासाठी ठेवल्या आहेत. त्यांचं टाइपिंग सुरू केलं आहे, आणि कोणाला रोमी लिपी वाचायला हातभार लावायचा असेल तर मदत हवीच आहे.